हमादीच्या वावराचे चार कोपरे

ट्युनिशियाच्या केरकेना बेटावर समुद्रातही वावरं असतात. दर ऑक्टोबरात उथळ पाण्यात नव्यानं खजुरीच्या झावळ्या रोवून कुंपण घालतात, मासा आपसूक आत येतो. हमादीचं वावर आजोबापासूनचं. कोपरे फक्त त्याच्या डोक्यात. बाजारात मासळी विकणारी त्याची एकुलती एक मुलगी मबरूका किती मागे लागायची! तो म्हणायचा, "घरात बसून कुणी समुद्र शिकवतं का? रोवताना दाखवीन."

त्या वर्षी रोवणी झालीच नाही. हमादीला अन्न जाईना. मार्चमध्ये सफाक्स शहरातल्या सर्जननं मबरूकाला स्पष्ट सांगितलं: जठराच्या खालच्या तोंडाशी कॅन्सर आहे, गाठ निघणार नाही. आतडं जठराच्या वरच्या अंगाला जोडून वाट काढून देतो, काही महिने माणूस जेवेल. दुखणं सांभाळायला सलवा नर्स घरी येईल.

ऑपरेशन झाल्यावर मबरूकानं बापाला सांगितलं, "गाठ काढली, बाबा. मुळासकट."

इथं त्या आजाराचं नाव घेत नाहीत, आणि असल्या खोट्याला माया म्हणतात.

हमादी माशाचा कुसकुस पोटभर जेवला. मग ऑक्टोबरसाठी ताकद राखायची म्हणून गादीवर पडून राहिला. सलवाची गोळीही घेईना. बऱ्या होणाऱ्या माणसाला ती कशाला?

जूनमध्ये सलवा भडकली. "सर्जननं त्यांना दिवस मिळवून दिले, ते तू गादीवर घालवतेयस. पाय चालतायत तोवर सांग."

मबरूकानं तिला तोंडाला येईल ते सुनावलं, दाराबाहेर काढलं. सकाळी मात्र बापाजवळ बसली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे ऑक्टोबर नाही?"

"नाही, बाबा."

"मग तीन महिने मला कशाला निजवलंस गं?"

त्यानं सलवाला परत बोलावून गोळी मागून घेतली. कळ ओसरल्यावर होडी काढायला लावली. मशिदीचा मनोरा पांढऱ्या घराआड गेला की पहिला कोपरा. एकटी खजुरी बंदराच्या दिव्याशी जुळली की दुसरा. तिसऱ्याकडे वळताना त्याची मान खाली गेली. "उद्या," म्हणाला.

चार दिवस वारा सुटला. नंतर त्याला बसवेना. अंथरुणातून सांगू लागला, पण खुणा डोळ्यांपुढे नसताना त्यालाही आठवेनात. जुलैत गेला. सलवामुळे निदान विव्हळत गेला नाही.

गावात म्हणतात, ऑपरेशन वाया गेलं. साफ खोटं. ऑपरेशननं द्यायचे ते दिवस दिले होते.

ऑक्टोबरात मबरूकानं झावळ्या रोवल्या. दोन कोपरे अचूक, दोन अंदाजानं. त्या बाजूनं मासा निसटतो. ती रोज बघते, आणि रोज एखादी झावळी उपटून जरा पलीकडे रोवते.