स्पीकरवर ठेवलेला हात

"म्हातारा बघा, स्पीकरला ताप आलाय का बघतोय!"

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं. मागकाकांनी खरंच स्पीकरवर तळहात ठेवला होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटलेले. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

मागकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मालेगावला यंत्रमाग दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून हे नाव. नाशिकला मुलाकडे आल्यावर ते अख्ख्या बिल्डिंगचे मिस्त्री झाले. मिक्सर बिघडो की पाण्याची मोटार, ते आधी हात ठेवायचे. "शंभर माग एकदम चालले की कान काय कामाचे? आजारी माग हाताला कळतो," असं म्हणायचे.

माझ्यावर मात्र ते सारखे ओरडायचे. जिन्यात भेटले की मी पुटपुटत "नमस्ते" म्हणायचे आणि ते गरजायचे, "तोंड वर करून बोल, पोरी! फरशीला काय ऐकू येतंय?" मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठीत चुकेन या भीतीने निम्मं बोलणं गिळून टाकायचे. वाटायचं, काकांना माझं वळणच आवडत नाही. पण हेच काका आईला सांगायचे, "पोरगी लय गुणाची हाय." हा माणूस मला कळायचाच नाही.

कॉलेज संपल्यावर मला घरून करायचं काम मिळालं. परदेशातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेली पत्रं ऐकायची आणि टाइप करायची. बंद केलेल्या गॅलरीत टेबल बसवलं. हेडफोनने कान ठणकायचे, शब्द निसटायचे. पहिल्याच महिन्यात इतक्या चुका निघाल्या, की आता एकच संधी मिळेल असं कळवण्यात आलं. लहान, स्पष्ट आवाजाचे स्पीकर आणायचं ठरलं आणि आईने सोबत काकांना धाडलं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या दुकानात मी पार गोंधळले. "मॅडम, बेस बघा बेस!" म्हणत दुकानदार जोड्या बदलत होता आणि तेच गाणं आणखी मोठ्याने लावत होता. मी प्रत्येक जोडीला मान डोलावली. माझ्या पर्समध्ये सरावाची सीडी होती, भरभर बोलणाऱ्या एका डॉक्टरची. तीच लावून बघायला हवी होती. पण सांगायचं कसं?

"गाण्याला सगळेच नाचतात," काका डोळे उघडून म्हणाले. "हिला बोलणं ऐकायचंय. माणूस बोलताना लावा. खोकं थरथरलं की शब्द फाटतो."

"आजोबा, तुम्हाला ऐकू तरी येतंय का?" दुकानदार त्यांच्या पाठीमागून म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक हसलं.

काका वळले नाहीत. चिडले नाहीत. त्यांची नजर माझ्या तोंडावर होती, मी काही बोलते का याची वाट बघत.

मग मला एकेक आठवायला लागलं. बेल वाजली तरी न उठणारे काका. फोनवर स्वतःचं बोलून झालं की ठेवून देणारे काका. जिन्यात वाकून माझ्या ओठांकडे बघणारे काका. त्यांना ऐकू येत नव्हतं. मला वळण लावायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना फक्त माझं बोलणं हवं होतं आणि मी ते इतकी वर्षं फरशीला देत आले होते.

काका आता नाहीत. त्यांनी निवडलेली काळी जोडी अजून माझ्या टेबलावर आहे. आवाज बारीक केला तरी शब्द सुटत नाही. पण त्या क्षणी कुठली जोडी चांगली हे मला अजिबात कळलेलं नव्हतं. कुणाला विचारायचं, तेवढंच कळलं होतं. मी पर्समधून सीडी काढली, काकांना माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले, मान वर केली आणि दुकानदाराला मोठ्याने म्हणाले,

"गाणं बंद करा. ही सीडी लावा. आणि काकांना हात ठेवू द्या."