वर वारा सुटलाय

"आम्हा वर बसणाऱ्यांची तऱ्हाच वेगळी असते, बाई. सकाळी चढायचं ते दिवस बुडताना उतरायचं. मध्येच मुतायला उतरला तो क्रेनवाला कसला? तो शिडी उतरून परत चढेपर्यंत खालचं सगळं काम खोळंबतं, नि मुकादम त्याच्या खानदानाचा उद्धार करतो."

"मग करता कुठे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाटलीत. एक पाण्याची न्यायची, एक रिकामी. दोघींची अदलाबदल झाली नाही म्हणजे मिळवली."

घारमामाला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि ती रिकामी भरायला वेळ कधीपासून लागायला लागला?"

शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको बसली होती. तिनं पदराशी चाळा करता करता सांगून टाकलं, "गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून. मोरीत जातात नि तिथंच उभे राहतात. मी म्हटलं, झोप लागली की काय उभ्या उभ्या."

बांधकामावर सगळे त्याला घारमामा म्हणत. जन्म गेला त्याचा टॉवर क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये. कोण सळयांच्या ढिगामागं बिडी ओढतंय, कोण सिमेंटच्या गोणीवर डुलकी काढतोय, सगळं त्याला वरून दिसे, नि ते तो वॉकीटॉकीवरून अख्ख्या साइटला ऐकवी. हात मात्र असा की पाण्यानं भरलेली बादली हुकाला लावा, थेंब सांडणार नाही.

या लोकांत एक खोटा अभिमान असतो. जो कमी पाणी पितो, दिवसभर कोरडा राहतो, तो पक्का गडी. घारमामाला जेव्हा घटकाघटकाला लागायला लागली तेव्हा त्यानं काय केलं, तर पाणीच तोडलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा त्याचा हिशोब. पण पोहरा काही ऐकेना. आड कोरडा पडला तरी कळ यायचीच. यायची, आणि उभं राहिलं की काही व्हायचं नाही. मग थेंब थेंब. मग थांबायचं. मग परत थोडं. खाली सळयांचा भारा बांधून तयार, सिग्नलवाला बोट वर करून ताटकळलेला, आणि हा वर बाटली धरून उभा. अशा वेळी वॉकीटॉकीत तोंड घालून तो म्हणे, "थांबा रे, वर वारा सुटलाय."

वाऱ्याशी कोण वाद घालणार? वारा असला की क्रेन थांबवायची, हा नियमच आहे. क्रेनच्या लांब हाताच्या टोकाला वारा कळावा म्हणून एक लाल फडकं बांधलेलं असतं. ते लोंबत असे, सिमेंटची धूळ सरळ खाली बसत असे, तरी कुणी बोलायचं नाही. फक्त भारे बांधणारी पोरं आपसात म्हणायची, "मामाचा वारा आला." नि हसायची.

रात्री उठणं वाढलं, त्याला तो वय म्हणाला. कंबर धरली, तिला खुर्ची म्हणाला. बायकोनं जुन्या चादरीची जाड गादी शिवून दिली, ती वर नेऊन ठेवली. एक दिवस बाटलीत लाल झाक दिसली. तिला उष्णतेची उन्हाळी म्हणाला. प्रत्येक दुखण्याला त्यानं घरचं नाव दिलं आणि सगळं अंगावर काढलं. दुखणं हत्तीच्या पायानं येतं नि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. याचं उलटं झालं. हे मुंगीच्या पायानं आलं. एका सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीवर त्याचा पाय उचलेना, तेव्हा कळलं की आत हत्ती बसलाय.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घ्यायला लावलं, मग मागून बोट घालून तपासलं. तेवढा वेळ घारमामानं भिंतीवरच्या पालीकडे बघून काढला. नंतर तपासायला आतला तुकडा काढून झाला, हाडांचे फोटो झाले. मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात, ती सगळ्या पुरुषांना असते, हे त्याला या वयात कळलं. कॅन्सर तिथून निघून मणक्यात नि खुब्यात पोचला होता.

"वडील कशानं गेले?" बाईंनी विचारलं.

"कंबरेनं."

"कंबरेनं कुणी मरत नाही."

घारमामानं आपल्या बुटांकडे बघितलं. बाप ओझी वाहायचा. शेवटचं वर्षभर खाटेवर पडून होता. ओझ्यानं कंबर मोडली असंच सगळे म्हणाले. पण खाटेखाली सारखं भांडं लागायचं, नि ते भरायला बापाला जन्म लागायचा, हे त्याला त्या बुटांकडे बघता बघता आठवलं.

"भाऊ आहे का?"

"आहे. धाकटा. तोही क्रेनवरच असतो."

"त्याला आणा. त्याला काही होत नसलं तरी आणा. हा आजार सुरुवातीला बहुतेक वेळा काही सांगतच नाही. आणि लघवीचा त्रास झाला म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. वयानं नुसती ग्रंथी वाढली तरी तो होतो. घरी बसून कळत नाही, म्हणून तपासायचं. बापाला, भावाला असेल त्यानं तर पन्नाशीची वाटही बघू नये."

उपचार सुरू झाले. पोटात सुई द्यायची, तिनं पुरुषपणाचा रस आटवायचा, म्हणजे आजाराचं खाणं तुटतं. बरं होणार नव्हतं, मरण लांबणार होतं. मामाला अंगातून वाफा यायला लागल्या, भर थंडीत तो सदरा काढून पंख्याखाली बसे. बायको म्हणाली, "माझी पाळी जाताना मला असंच व्हायचं. तेव्हा नखरे म्हणत होतात." तो म्हणाला, "चुकलो बाई." दोघं हसली. मग ती आत गेली नि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. भांडी मघाशीच घासून झाली होती.

शिडी बंद झाली. हाड कधी मोडेल सांगता येत नव्हतं. पण घरात बसून छताकडे बघण्यापेक्षा खाली उभं राहीन म्हणाला, तेव्हा मुकादमानं त्याला सिग्नलवाला केलं. वर त्याच्या जागी धाकटा आला. त्याच खुर्चीवर, त्याच गादीवर.

धाकट्याला तो रोज सांगे, आणि धाकटा रोज उडवून लावी.

"दादा, मी घोड्यासारखा धडधाकट आहे."

"घोड्याला विचारून ये एकदा."

"तू तपासलंस, काय मिळालं? तपासायच्या आधी शिडी चढत होतास. तपासलं नि खाली आलास."

धाकट्याच्या पोटातली भीती खरी तीच होती. काही निघालं तर केबिन जाईल. आणि ते बोट. "मी मेलो तरी कुणाला तिथं हात लावू देणार नाही," असं तो चारचौघांत छाती ठोकून सांगे. त्याच्या बायकोनं एकदा डबा द्यायला आल्यावर घारमामाला गाठलं. "भाऊजी, तुम्हीच काहीतरी करा. माझं ऐकत नाहीत. संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच सोडलंय."

"पाणी सोडलंय?" घारमामा एवढंच म्हणाला, नि वर केबिनकडे बघत राहिला.

त्यानंतरचीच गोष्ट. दुपारची वेळ, ऊन तापलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. काँक्रीटची गाडी दाराशी पिंप फिरवत उभी होती. भरलेली बादली हुकाला लागली, घारमामानं बोट वर केलं. बादली जमिनीवरून जेमतेम उचलली नि थांबली. वॉकीटॉकी खरखरली.

"थांबा रे. वर वारा सुटलाय."

घारमामानं मान वर केली. लाल फडकं मेलेल्या सापासारखं लोंबत होतं.

भारे बांधणारी पोरं हसली. त्यातला एक म्हणाला, "हा वारा घराण्यातच आहे काय?" घारमामानं त्याच्याकडे असं बघितलं की पोराचं हसू तोंडातच राहिलं.

"बादली खाली ठेव," तो वॉकीटॉकीत म्हणाला.

बादली टेकली. घारमामानं वॉकीटॉकी एका पोराला आपल्या तोंडाशी धरायला लावली, नि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे केले. याचा अर्थ सगळ्या साइटला ठाऊक होता. पूर्ण बंद. सिग्नलवाल्यानं हात खाली करेपर्यंत वरच्यानं दांडा हलवायचा नाही, मग खालून मालक ओरडो की देव.

"काय झालं दादा?"

"वारा कधीपासून सुटतोय तुला?"

वर केबिनच्या काचेआड धाकट्यानं तोंड फिरवलं.

"कधीपासून म्हणतो मी."

"दादा, सगळे ऐकतायत."

"ऐकू दे. सगळ्यांना तीच ग्रंथी आहे. मुकादमालाही आहे."

मुकादम तरातरा आला. "अरे, माल सुकतोय गाडीत! तमाशा लावलाय काय? हात खाली घे!"

"मला काढून टाका," घारमामा म्हणाला. "पण कामावर आहे तोवर हात खाली येणार नाही. तो उतरेल तेव्हाच येईल."

हात भरून आले होते. उजव्या खांद्यात आजार शिरलाय हे त्याला नि बाईंनाच माहीत होतं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला हात नव्हता. मुकादमानं त्याचं तोंड बघितलं, शिवी गिळली, नि गाडीवाल्याकडे वळून म्हणाला, "फिरवत रहा तू."

"दादा, हात खाली घे. दुखतोय तुला, दिसतंय मला," वॉकीटॉकी म्हणाली.

"तुला सगळं दिसतं वरून. मलाही दिसायचं. बाटलीतलं तेवढं ओळखता आलं नाही."

वॉकीटॉकी परत खरखरली. धाकट्याचा आवाज आला, लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा. "रक्त आलं होतं परवा. मला वाटलं, उन्हाळी."

केबिनचं दार उघडलं. धाकटा शिडीवर आला, हळूहळू उतरायला लागला. त्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत घारमामानं हात तसेच धरले. मग ते सोडले, तर ते आपणहून खाली येईनात. एका पोरानं धरून ते खाली केले.

बदलीचा माणूस वर पाठवून मुकादमानं काम रेटलं. धाकटा त्याच दिवशी बाईंकडे गेला. नंतर महिनाभर भावाशी बोलला नाही. साइटवर त्याला "वारा" म्हणायला लागले, तो राग त्यानं दादावर काढला.

बोलला तो रिपोर्ट घेऊन आल्यावर. फाटकाशी उभा राहिला, घारमामा लंगडत तिथवर गेला.

"निघाला," धाकटा म्हणाला. "पण ग्रंथीच्या आतच आहे म्हणाल्या. बाहेर पडलेला नाही. ऑपरेशन करायचं, नाहीतर किरणांचा शेक द्यायचा. वेळेत आलात म्हणाल्या."

"मग ऑपरेशन करून टाक."

"नंतर धड राहीन की नाही, माहीत नाही म्हणे. लघवी गळते कुणाकुणाची. बाकीचंही…"

"राहशील. जिता राहशील."

धाकट्यानं मान हलवली. मग खालीच बघत विचारलं, "तुझं काय म्हणाल्या? यावेळच्या रक्तात?"

"दुखणं वाढलंय. सुई लागू पडेना झालीय."

"मग?"

"मग काय. उभा आहे तोवर उभा आहे."

मागून मुकादमाची हाक आली, "मामा! भारा तयार आहे!" घारमामा वळला. लंगडत आपल्या जागी गेला, मान वर करून आधी लाल फडकं बघितलं. आज ते थोडं फडफडत होतं, पण काम थांबावं एवढं नव्हतं. उजवा हात वर जात नव्हता. त्यानं डावा वर केला, आणि बोट बारीक गोल फिरवलं. भारा वर निघाला.