इंची प्लेट आणि दगडूचा हात

लोखंड ज्यावर ठेवून कापतात त्या घोडीखाली सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी वितळून पडलेल्या लोखंडाचं कीट साचलेलं असतंच. आमच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी तिथं सुपरवायझर होतो, म्हणजे कागदावर! वर्कशॉप खरं चालायचं ते रामलिंग मिस्त्रींच्या कानावर.

कान म्हणतोय ते उगीच नाही. एकदा आम्ही कँटीनमध्ये चहा पीत होतो. लांब शेडमध्ये कुणीतरी गॅसनं जाड प्लेट कापत होतं. मिस्त्रींनी तोंडाला लावलेली बशी तशीच थांबवली आणि म्हणाले, "वर कापतंय, खाली चिकटलंय." मला हसू आलं. जाऊन बघितलं तर वरून झकास रेघ, आणि एक तुकडा उचलायला गेलो तर दोन्ही एकदमच वर आले! त्या दिवसापासून मी मिस्त्रींसमोर खुर्चीत रेलून बसायचं सोडलं.

* * *

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला, विहिरी आटल्या. येरमाळ्याकडच्या एका तलावात तेवढं पाणी शिल्लक होतं. तिथून कामगार कॉलनीला आणि शेजारच्या गावाला पाइपलाइन आणायचं ठरलं. पाइपाला पाइप जोडायचा तर इंचभर जाड लोखंडाची गोल कडी लागतात, मधे भोक असलेली. त्यांना फ्लँज म्हणतात. गॅसनं कापून घासत बसलो असतो तर उन्हाळाच संपला असता. म्हणून मिस्त्रींनी चेअरमनसाहेबांच्या मागं लागून पुण्याहून वीज आणि दाबाची हवा यांच्या ज्योतीनं लोखंड कापणारं प्लाझ्मा मशीन मागवलं. बोली पंधरा दिवसांची. जमलं तर ठेवायचं, नाहीतर मशीन परत.

"आखितीच्या आत नळाला पाणी आणतो," असं मिस्त्री सगळ्यांसमोर बोलून बसले.

मशीनबरोबर कंपनीचे कुलकर्णी साहेब आले. पातळ पत्रा त्यांनी असा कापला की आम्ही टाळ्या वाजवल्या. मग इंची प्लेट घेतली, टॉर्च, म्हणजे मशीनची कापायची दांडी, बरोबर मधोमध टेकवला आणि बटण दाबलं. वितळलेलं लोखंड खाली जायला वाट नाही, ते उसळून वर आलं आणि टॉर्चच्या टोकाचं नॉझल खलास!

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, भिंतीतून कशाला घुसता? दारातून या की!"

त्यांनी टॉर्च प्लेटीच्या कडेला धरला आणि तिथून आत नेला. मधलं भोक पाडायचं असेल तर आधी ड्रिलनं बारीक छिद्र, मग टॉर्च. कुलकर्णी साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

* * *

तरी नॉझल टिकेनात. तासाला एक जळायचं. साहेब म्हणाले, "व्होल्टेज." मी म्हणालो, "करंट." मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली आणि हवेच्या पाइपासमोर धरली. दोन मिनिटांत टोपी ओलीचिंब!

कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक कित्येक दिवस कुणी उघडलाच नव्हता. उघडला तर बादली अर्धी भरली. तेलकट पाणी, पण पाणी!

मिस्त्री टोपी पिळत म्हणाले, "सारा तालुका कोरडा, आन् तुमच्या हवेला घाम!"

* * *

पुढची भानगड वेगाची. जाड प्लेट म्हणून साहेब मुंगीच्या पावलानं जायचे, मग खाली कीट लोंबायचं. जरा घाई केली की तळ कापलाच जायचा नाही. मिस्त्री उकिडवे बसून प्लेटीखालच्या ठिणग्या बघत राहिले. "ठिणगी जराशी मागं झुकली पायजे. लई न्हाय."

पण तो वेग हातात धरून ठेवायचा कसा? तिथं आमचा दगडू कामी आला. दगडू हेल्पर. माणूस कष्टाळू, पण डावखुरा. मिस्त्रींचा नियम कडक होता: आगीला उजवाच हात लावायचा. उजव्या हातानं दगडूची रेघ वाकडी यायची, म्हणून बारा वर्षं तो नुसत्या प्लेटा उचलत होता. गळा मात्र गोड. मिस्त्री म्हणाले, "दगडू, भजन लाव." त्याच्या ठेक्यावर मिस्त्रींनी पाऊल टाकलं, आणि कीट गायब!

कुलकर्णी साहेबांच्या वहीत वेगाच्या रकान्यात मी स्वतः वाचलंय: 'एका गोलाला दोन कडवी.'

* * *

आणि तरीही चौदाव्या दिवशी आम्ही हरलो होतो. मिस्त्री उजव्या हातात टॉर्च धरून, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे घोडीभोवती फिरायचे. फ्लँजची बाहेरची कड सुरेख यायची. आतल्या भोकाची कड मात्र तिरपी, पाइप बसेना. गंमत म्हणजे भोकातून खाली पडलेली चकती अगदी गुण्यात, कड काटकोनात सरळ!

"टाकायचा तुकडा देखणा, आन् ठिवायचा वाकडा," मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या दिवशी मशीन जाणार होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबाही उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात शेडमधून टॉर्चचा आवाज आला. मिस्त्रींनी मान वर केली. "कोण कापतंय हे? तळापर्यंत सरळ चाललंय!"

आम्ही धावलो. दगडू डाव्या हातात टॉर्च धरून, उलट्या बाजूनं फिरत, भजन म्हणत भोक कापत होता. आम्हाला बघून त्यानं टॉर्च खाली ठेवला. "चुकलं मिस्त्री. मशीन उद्या जाणार, म्हनून एकदा..."

मिस्त्रींनी भोकाला गुण्या लावला. उजेडाची फटसुद्धा दिसली नाही. कुलकर्णी साहेबांनी वहीत लिहून घेतलं: 'ज्योतीच्या उजव्या अंगाची कड सरळ, डाव्या अंगाची तिरपी; म्हणून भोक उलटं फिरून कापा.'

मिस्त्रींनी टॉर्च दोन्ही हातांनी उचलून दगडूपुढं धरला. "बाहेरची कड माजी. भोकं समदी तुजी."

मशीन राहिलं.

आखितीच्या आदल्या दिवशी कॉलनीच्या नळाला पाणी आलं. बायकांनी नळाला हळदीकुंकू वाहिलं. पहिला तांब्या चेअरमनसाहेबांनी मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री तो घेऊन गर्दीतून मागं गेले. दगडू तिथं भिंतीला टेकून उभा होता. सवयीनं त्यानं उजवा हात पुढं केला.

मिस्त्रींनी तांब्या मागं घेतला.

"त्यो न्हाय रं," ते म्हणाले. "दुसरा."