उकडलेले टोळ आणि इन्स्पेक्शन

आमचे परचेस ऑफिसर उस्ताज हमदी यांनी लॅबच्या टेबलावर डबा ठेवला आणि स्वतःच झाकण उघडलं. आत टोळ होते. लालसर, टपोरे आणि पूर्ण उकडलेले.

"जिवंत होते, मॅडम. फार उड्या मारत होते," हमदी म्हणाले. "तुम्हाला त्रास नको म्हणून राई भागातल्या बाजारातच उकडून घेतले. मीठ बेताचंच आहे."

हिवाळ्यात इथे टोळ आवडीनं खातात, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन होतं आणि मला श्वास घेणारे टोळ हवे होते.

मी कुवेतमधल्या एका खाजगी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात बायोलॉजी शिकवते. सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावी. इन्स्पेक्टर माझ्याच तासाला बसणार होत्या. त्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं, आणि माझी मुलगी इरा स्टाफच्या सवलतीवर त्याच वर्गात शिकत होती. नोकरी गेली असती तर बारावीच्या तोंडावर तिची जागाही गेली असती.

प्रयोग रेस्पिरोमीटरचा होता. बंद नळीत सजीव ठेवायचा. तो ऑक्सिजन घेतो, त्यानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड एक रसायन शोषून घेतं. आतली हवा कमी होते आणि बारीक नळीतला रंगीत थेंब आत सरकतो. मोड आलेल्या कडधान्यावरही हे उत्तम होतं. तसं मी आमचे हेड मार्टिन यांना आधीच सुचवलं होतं. मुगात 'वॉव फॅक्टर' नाही, असं त्यांचं मत पडलं. त्यांना काहीतरी हलणारं हवं होतं.

आता त्यांनी डब्यात बराच वेळ पाहिलं आणि मुगाला परवानगी दिली. टोळ मात्र टाकू देईनात. मागवलेत तर दिसले पाहिजेत, म्हणाले. मेलेला सजीव श्वसन करत नाही, म्हणून तुलनेच्या नळीत, म्हणजे कंट्रोलमध्ये, टोळ घालायचे ठरले. हे शास्त्रात बसत नाही, असं मी सांगितलं. इन्स्पेक्शनमध्ये बसतं, असं उत्तर मिळालं.

फिंतास भागातल्या आमच्या घरी उसळीसाठी मूग भिजवलेले होतेच, मोडही छान आले होते. सकाळी ते डब्यात भरताना इरा म्हणाली, "आई, प्लीज. दॅट्स अवर ब्रेकफास्ट." मी तिला वर्गात मुगांना ओळख दाखवू नकोस म्हणून सांगितलं.

तास सुरू झाला. मुगाच्या नळीतला थेंब सरकला, टोळांच्या नळीतला जागचा हलला नाही. मार्टिन मागे उभे राहून मान डोलावत होते. तेवढ्यात फहद नावाच्या मुलानं हात वर केला.

"मिस, हा कंट्रोल चुकीचा आहे. एकीकडे मूग, दुसरीकडे टोळ. उकडायचेच होते तर मूग उकडायला हवे होते ना?"

मार्टिन यांची मान थांबली. माझ्या डोळ्यांसमोर इराचं दप्तर आलं. सावरून घेणारं काहीतरी बोलता आलं असतं, पण मुलगा बरोबर होता.

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "का ते सगळ्यांना समजावून सांग."

त्यानं नीट सांगितलं. दोन्ही नळ्यांत फरक एकाच गोष्टीचा हवा, जिवंत की मेलेलं एवढाच. मग वर्गात वाद पेटला आणि घंटा होईपर्यंत चालला. इन्स्पेक्टर बाई भराभर लिहीत होत्या. जाताना त्यांनी हे टोळ खायचे असतात का, असं विचारलं. फहदनं अदबीनं डबा पुढे केला. लॅबमध्ये काहीही खायचं नाही, असं मला दोघांनाही सांगावं लागलं.

रिपोर्टमध्ये आमच्या चिकित्सक अध्यापनाचं खास कौतुक झालं. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. स्टाफ मीटिंगमध्ये मार्टिन यांनी सर्वांना समजावलं, की मुलांनी चूक शोधून काढावी म्हणून तो कंट्रोल आम्ही विचारपूर्वक चुकीचा ठेवला होता. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तेव्हापासून प्रयोग फसला तर मी लगेच खुलासा करत नाही. तो मुद्दाम फसवला होता, हे वरिष्ठांना आठवायला थोडा वेळ द्यावा लागतो.