मर्लच्या होडीखालचं इंजिन

वेंडेल हफेकर या माणसानं जन्मात काही टाकलं नाही. पावाच्या पिशवीला जी तारेची गाठ मारलेली असते ना, ती त्याच्याकडे डबाभर आहे. माझी मामेबहीण लवॉन त्याच्याशी लग्न करायला निघाली तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, बाई गं, हा तुला कधी सोडायचा नाही, कारण हा काहीच सोडत नाही. ती हसली होती. आता हसत नाही.

आमची घरं तळ्याच्या काठाला, मध्ये एक कुंपण. त्यामुळे वेंडेलचं गॅरेज मला माझ्या स्वयंपाकघरातून दिसतं, मी बघायचं नाही म्हटलं तरी. त्या गॅरेजात ती गाडी. सत्तर साली त्यानं ओतशाळेत दुहेरी पाळ्या करून नवीकोरी घेतलेली. दोन दारं, बोनेटवर दोन काळे पट्टे, आणि आवाज असा की कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलायला लागतात. मसल कार म्हणतात या जातीला. बाहेरून साधी घरगुती गाडी आणि पोटात ट्रकचं इंजिन. कंपनीचं नाव मी सांगत नाही. आमच्या गावात अर्धी घरं एका कंपनीची, अर्धी दुसरीची, आणि मला दोन्हीकडच्या लग्नांना जायचं असतं.

ही गाडी वर्षातून दोनदा बाहेर यायची. चार जुलैला स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत आणि एकदा शरद ऋतूत, रस्ता कोरडा असला तर. बाकी वेळ पांघरुणाखाली. तिच्यातलं जे जे बदलावं लागलं ते ते वेंडेलनं काढून, पुसून, डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. पहिली पाणी नेणारी रबरी नळी, पहिली तेलाची गाळणी, पहिल्या काचपुसण्या. मागच्या सीटवरचा कारखान्यातला प्लास्टिकचा कागद अजून तसाच. त्यावर बसून माझ्या मांड्या चिकटल्या आहेत, मला माहीत आहे.

"अरे, फाडून टाक की तो कागद," मी म्हणायचे.

"कारखान्याचा आहे," तो म्हणायचा. संपलं.

आणि खरं सांगायचं तर या गाड्यांच्या बाजारात त्याचंच बरोबर होतं, हेच तर चीड आणणारं. तिथे नवं करणं म्हणजे पाप. माणसानं सगळी गाडी चकचकीत रंगवून नेली तर लोक नाकं मुरडतात, आणि जुन्या रंगाचा ओघळ तसाच असला तर गुडघ्यावर बसून बघतात. अस्सल पाहिजे, अस्सल. अहो, माणसांत कोण शोधतं इतकं?

आता मुद्दा असा की लवॉनचं कमरेचं हाड बदललं, ते काही नीट बसलं नाही. घर जुनं. झोपायची खोली वर, न्हाणीघर वर, खाली नुसतं स्वयंपाकघर आणि बैठक. चौदा पायऱ्या. खाली एक खोली आणि न्हाणीघर बांधायचं ठरलं. सुतारानं आकडा सांगितला तेव्हा वेंडेल दोन दिवस गॅरेजातून बाहेर आला नाही, आणि तिसऱ्या दिवशी, पोर्क चॉप खाता खाता म्हणाला, "गाडी विकतो." लवॉननं काटा खाली ठेवला. मीही ठेवला, मी तिथेच जेवत होते.

सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या आठवड्यात पलीकडच्या गावात मोठा लिलाव असतो. त्यांच्याकडून गाडी बघायला प्रेस्टन ओल्डहॅम नावाचा माणूस आला. इस्त्रीची पँट, आणि आल्या आल्या चटई अंथरून गाडीखाली आडवा. हातात बॅटरी आणि दांड्याचा आरसा. एकेक डबा उघडून बघताना तो असा सुस्कारे टाकत होता की लवॉन माझ्या कानात म्हणाली, "याला पाणी देऊ का?"

मग त्यानं बोनेट उघडलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक आकडा ठोकलेला असतो. तो गाडीच्या आकड्याशी जुळला पाहिजे. तिथे त्यानं आरसा नेला, काढून पुसला, पुन्हा नेला.

"मिस्टर हफेकर," तो म्हणाला, "हे इंजिन या गाडीचं नाही."

"तसंच आहे," वेंडेल म्हणाला. "तेवढ्याच ताकदीचं. भंगारातून आणलेलं."

"पण या गाडीचं नाही."

"नाही."

मी लवॉनकडे बघितलं. लवॉन वेंडेलकडे. चाळीसेक वर्षं हा माणूस काचपुसण्या जपून ठेवत होता आणि इंजिन बदललेलं. सांगितलं का नाही, तर म्हणे कोणी विचारलं नाही.

ओल्डहॅमनं समजावून सांगितलं. आकडे जुळले असते तर शनिवारची दुपार मिळाली असती, टीव्हीवाले हजर असतात तेव्हा. आता गुरुवारी सकाळी, ट्रॅक्टर विकून झाल्यावर. किंमत साधारण निम्मी. निम्म्यात खोली होत होती. न्हाणीघर होत नव्हतं, आणि सगळी धडपड न्हाणीघराची.

मग तो रुमालानं हात पुसत, दुसरीकडे बघत म्हणाला, "काही लोक जुना आकडा घासून नवा ठोकतात. मी सुचवत नाही. लोक करतात एवढंच."

"माझ्या गॅरेजात नाही करत," वेंडेल म्हणाला. एवढा लाल झालेला मी त्याला बघितला नव्हता. "पहिलं इंजिन आहे. फुटकं आहे, पण आहे."

"आहे? फुटकं चालेल. आकडा वाचता आला पाहिजे. गाडीबरोबर शेजारी ठेवू. कुठे आहे?"

वेंडेलनं तळ्याकडे बोट केलं.

मग वेंडेलनं सांगितलं ते असं. त्र्याहत्तर साली वेंडेल आणि लवॉनचा भाऊ मर्ल, दोघंही बिनडोक, दोघांकडे अशा गाड्या. धान्याच्या कोठारापासून मेथडिस्ट चर्चच्या वळणापर्यंत शर्यत लागली. चर्च यायच्या आधी वेंडेलच्या इंजिनाला बाजूनं भगदाड पडलं आणि आतला दांडा मक्याच्या शेतात गेला. फुटकं इंजिन टाकवेना. मर्लला होडीसाठी नांगर पाहिजे होता. आमच्याकडे जुनं इंजिन साखळी बांधून तळ्यात सोडायची पद्धतच आहे, जड असतं, हलत नाही. टाकलं नाही, दिलं, म्हणून वेंडेलच्या जिवाला बरं वाटलं. तेव्हापासून मर्लची होडी त्याच्यावर डुलते आहे.

आता सगळं सोपं वाटतं ना? मेव्हणा आहे, सख्ख्या बहिणीची कंबर आहे, इंजिन काढून द्यायचं. पण तुम्ही मर्लला ओळखत नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्याकडे गेलो. मर्ल धक्क्यावर खुर्ची टाकून बसलेला, टोपी डोळ्यांवर.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "अख्ख्या तळ्यानं ऐकलं. इंजिन पाहिजे म्हणे."

"पाहिजे," वेंडेल म्हणाला.

"पण ते माझं आहे. तू दिलंस."

"दिलं. परत दे."

"देतो की. काढूनही देतो, माझा ट्रॅक्टर आहे. लिलावात गाडीबरोबर एक फलक असतो ना, मालकाची हकीकत? वरून माईकवर वाचतात ती?"

"मग?"

"त्यावर लिही, शर्यत मर्लनं जिंकली."

वेंडेल म्हणाला, "शर्यत झालीच नाही. इंजिन फुटलं."

"मी चर्चपाशी पोचलो. तू नाही पोचलास. याला काय म्हणतात?"

"याला अपघात म्हणतात."

"मर्ल," लवॉन म्हणाली, "मला जिना चढवत नाही."

"ते त्याला सांग, ताई. मी तर देतोय."

मी मर्लला बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं टोपी आणखी खाली ओढली.

येताना गाडीत वेंडेल म्हणतो, "खोटं कसं लिहायचं? खोटा आकडा ठोकायचा नाही आणि खोटी हकीकत लिहायची?" माणूस प्रामाणिक असावा, पण त्याचा प्रामाणिकपणा बायकोच्या कमरेत भरू नये. लवॉन खिडकीबाहेर बघत होती. तिनं एकदाच म्हटलं, "तुमच्या दोघांच्या मध्ये मी लग्न करून आले का जन्म घेऊन, मला आता आठवत नाही."

आठवडा गेला. वेंडेल गॅरेजात, मर्ल धक्क्यावर. ओल्डहॅमचे फोन. सुतार येऊन विचारून गेला, पाया कुठपर्यंत खणू, आणि लवॉन म्हणाली, यांना विचार. मी शुगर क्रीम पाय नावाचा सायीचा गोड पदार्थ केला आणि अर्धा मर्लला नेऊन दिला, म्हटलं गोड तोंडानं ऐकेल. खाल्ला. ताट धुऊन परत दिलं. बाकी काही नाही.

लवॉनची एक युक्ती होती, ती मला ठाऊक होती, वेंडेलला नव्हती. सकाळी तो गॅरेजात गेला की मगच ती खाली उतरायची. बसून. रांगत्या पोरासारखी, एका पायरीवरून खालच्या पायरीवर, काठी मांडीवर आडवी धरून. कुणी बघू नये म्हणून. त्या शुक्रवारी मी जिन्याखाली उभी होते आणि वेंडेल चिकटपट्टी शोधत मागच्या दारानं आत आला.

ती मधल्या पायरीवर होती. तिनं त्याला बघितलं आणि थांबली.

"रोज अशी उतरतेस?" त्यानं विचारलं.

"नाही, आज हौस आली," लवॉन म्हणाली. "बाजूला हो, मला पुढे यायचं आहे."

तो बाजूला झाला. हात द्यायला गेला, तिनं घेतला नाही. ती खाली पोचेपर्यंत तो तसाच उभा, हात पुढे करून. मग टेबलाशी बसला, ओल्डहॅमनं पाठवलेला फलकाचा कागद ओढला आणि लिहून माझ्याकडे सरकवला. लिहिलं होतं: त्र्याहत्तर साली मेव्हणा मर्ल डिट्झलर याच्याशी शर्यत लावली. हरलो. इंजिन फुटलं.

"आणखी काही?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "पुष्कळ झालं."

दुसऱ्या दिवशी तो कागद वाचून मर्लनं ट्रॅक्टर लावला. साखळी ताणली गेली, तळ्याचं पाणी काळं झालं आणि ते धूड वर आलं. शिंपल्यांनी मढलेलं, गवत लोंबतंय, बाजूला ते भगदाड, आणि भगदाडातून एक मासा निघून पळाला. नशीब बघा, आकड्याचा भाग खाली मऊ चिखलात रुतलेला. वेंडेलनं त्यावर व्हिनेगर ओतलं आणि दात घासायच्या ब्रशानं हळूहळू घासायला लागला. ब्रश लवॉनचा होता, ते तिनं नंतर ओळखलं. आकडे एकेक करून वर आले. शेवटचा जुळला तेव्हा वेंडेल धक्क्यावर खाली बसला. मर्लनंसुद्धा टोपी काढली, म्हणजे बघा.

पुढच्या शनिवारी दुपारी लिलावाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी पुसलेली, झळकत उभी, आणि शेजारी फळीवर ते शिंपलेवालं इंजिन. सगळी गर्दी इंजिनापाशी. माणसं फोटो काढतात काय, हात लावतात काय. चाळीस वर्षं जपलेल्या सीटवरच्या कागदाकडे कोणी ढुंकून बघेना. नेब्रास्काचा एक दाताचा डॉक्टर तर वेंडेलला म्हणाला, "हे शिंपले कृपा करून काढू नका. मी घेतली तर तसेच पाहिजेत." वेंडेलनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग माईकवाल्यानं फलक वाचला. सावकाश, चघळून. "मेव्हणा मर्ल डिट्झलर याच्याशी शर्यत लावली. हरलो." मंडप हसला. आणि तिसऱ्या रांगेत मर्ल उभा राहिला, ठेवणीतला शर्ट घातलेला, टोपी काढून चारी बाजूंना मान लववतोय. टाळ्या पडल्या. त्या हशातच बोलीचा आकडा वर चढायला लागला आणि थांबेचना. वेंडेल जमिनीकडे बघत होता. लवॉननं त्याचा हात धरला आणि हातोडा पडेपर्यंत सोडला नाही. गाडी त्या दाताच्या डॉक्टरनं घेतली. खोली झाली, न्हाणीघर झालं, न्हाणीघराला धरायच्या दांड्यासकट झालं.

परत येताना मर्लच्या पिकपमध्ये आम्ही चौघं. मर्ल अस्वस्थ, दर मैलाला रेडिओ लावतोय आणि बंद करतोय. शेवटी म्हणाला, "एक सांगू का, वेंडेल? इंजिन फुटलं तेव्हा तू पुढे होतास. चांगला गाडीभर पुढे."

वेंडेल सीटवर वळून त्याच्याकडे बघायला लागला.

"मग?" वेंडेल म्हणाला.

"मग काय. म्हटलं सांगावं."

"फलकावर लिहून झालं. गाडी नेब्रास्काला चालली."

"म्हणून तर सांगतोय."

"मर्ल," लवॉन मागून म्हणाली, "मला काठी द्या कोणी माझी."

तुम्हाला वाटेल संपलं. पण वेंडेल तो वेंडेल. महिन्याभरात त्यानं त्या डॉक्टरला फोन लावला, की फलकावर चूक आहे, मेव्हण्यानं कबूल केलं आहे, दुसरा कागद पाठवतो. डॉक्टर म्हणाला, नको. लिलावात वाचलेला तोच कागद, तो आता गाडीचा आहे, त्यावर त्याला खाडाखोड नको. पाहिजे तर मेव्हण्याची कबुली वेगळी पाठवा, पण मर्लच्या हस्ताक्षरात, आणि टाईप केलेली नको.

त्यावर वेंडेलनं मर्लला फोन लावला. मर्ल म्हणाला, लिहितो की, पण एक अट आहे.

ते दोघं फोनवर चढ्या आवाजात बोलायला लागले तेव्हा मी लवॉनपाशी तिच्या नव्या खोलीत पलंगावर बसून पत्ते पिसत होते. अट काय ती आम्ही ऐकली नाही. लवॉन उठली, चार पावलं चालून गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"पत्ते वाट," ती म्हणाली.