मामाजींची वाघीण

माझ्या बायकोच्या मामांइतका सावध माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याइतका पत्त्यांचा शौकीनही झाला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात याचं कोडं मला आरमोरीला बदली होऊन येईपर्यंत होतं. तिथे बँकेत मी चार वर्षं काढली आणि मामाजींच्या राइस मिलमध्ये बसून त्यापेक्षा जास्त काढली असं बायकोचं म्हणणं आहे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मिल पुतण्याच्या हाती होती, आणि मामाजींना सावध राहायला भरपूर वेळ होता. मासा खाताना ते एकेक काटा ताटाच्या कडेला असा मांडत, की उठताना मासा पुन्हा जोडता आला असता. वडशाला निघाले की गर्दीची एसटी सोडून देत. मागची रिकामी येते असा त्यांचा सिद्धांत होता. मागची आली नाही तर घरी परत येत आणि प्रवास सुखाचा झाला असं सांगत.

अशा माणसाला इंटरनेटवरच्या पोकरचा नाद लागला. बस स्टँडजवळ प्लायवूडचे चार खण पाडून एक सायबर कॅफे निघाला होता. मामाजी मिलच्या मोटारीचा कुठलासा पट्टा शोधायला तिथे गेले आणि पट्टा सोडून पत्ते शोधून आले. पैशांचा खेळ नव्हता. रोज फुकटच्या चकत्या मिळत, त्याच लावायच्या आणि त्याच हरायच्या. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, पाच पत्ते सगळ्यांसाठी मधे उघडे. पत्ते बरे असतील तर चकत्या लावा, नसतील तर पत्ते टाका, किंवा नसूनही लावा आणि समोरच्याला हूल द्या. मामाजींना तीन पत्त्यांच्या खेळापेक्षा हा फार सभ्य वाटला. "यात टाकायची सोय चांगली हाय जी," ते म्हणाले, आणि पहिला महिनाभर त्यांनी नुसते पत्ते टाकले.

पण फुकटच्या चकत्यांचं टेबल म्हणजे येड्यांचा बाजार. ज्याच्या खिशातून काही जात नाही तो हातात काही नसताना सगळंच्या सगळं पुढे ढकलतो. मामाजींनी त्यावर एक शास्त्र तयार केलं आणि येता-जाता मला ऐकवलं. येड्यासमोर कधी हूल द्यायची नाही. आपल्याकडे चांगले पत्ते येईपर्यंत गप बसायचं. ते आले की थोडंसंच लावायचं. उरलेलं तो येडाच आपल्या वतीने लावतो. आणि तो पुढे काय करील याचा विचार करायचा नाही, कारण त्यालाच ते माहीत नसतं.

हे शास्त्र त्यांनी आठवडी बाजारातही वापरलेलं मी पाहिलं. एक मोकाट गोऱ्हा रेटारेटी करत भाजीच्या ओळीत घुसला. कटलरीवाल्याने दुपट्टा फडकावून त्याच्या अंगावर धाव घेतल्याची हूल दिली आणि पुढच्याच क्षणी तो स्वतः वांग्यांच्या ढिगात बसलेला दिसला. मामाजी विजेच्या खांबाला पाठ लावून शांत उभे होते. गोऱ्हा कोथिंबीर खाऊन निघून गेला. मामाजी मला म्हणाले, "त्याले भेव दाखवून काय फायदा? भ्यायले बी डोकं लागते, जवाई."

या शास्त्राने त्यांनी टेबलावरचे सगळे येडे गार केले. एक सोडून. तिने स्वतःचं नाव इंग्रजी अक्षरांत 'वाघीण' असं ठेवलं होतं. ती पत्ते बघत होती की नाही याचीच शंका यावी असं खेळे. दुर्री आणि सत्ती, म्हणजे या खेळातले सगळ्यात भिकार दोन पत्ते, त्यावर सगळ्या चकत्या लोटून द्यायची, आणि मधे नेमक्या दुर्र्या उघडायच्या. दुसऱ्या दिवशी हरायची, तरी तसंच. मामाजींना जेवण जाईना. "अमेरिकेतली असन," ते म्हणायचे. "आपल्या इकडं अशी बाई नाई राहू शकत."

त्या दिवसांत आमच्याकडे लोडशेडिंग जोरात होतं. दिवे जात, कॅफे अंधारात बुडे, तासा-दोन तासांनी दिवे आले की मामाजी पुन्हा टेबलावर जाऊन बसत. महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की दिवे येऊन आपण बसलो की वाघीणही तेव्हाच उगवते, आधीपासून कधीच टेबलावर नसते.

"जवाई," त्यांनी मला बँकेत येऊन गंभीरपणे विचारलं, "अमेरिकेत बी लोडशेडिंग सुरू झालं का जी?"

नाही म्हटल्यावर ते कॅफेच्या पायरीवर जाऊन बसले. थांबण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दिवे गेले आणि तिसऱ्या खणाचा पडदा सारून, काळी छत्री काखेत धरून बाई बाहेर आल्या. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. रस्त्याने त्या दिसल्या की पोरंबाळं असलेल्या बायाही पदर सारखा करत आणि मनातल्या मनात पाढे म्हणत.

मामाजी उठून उभे राहिले. "बाई, दुर्री-सत्तीवर सगळं लावते का जी कोणी?"

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जन्मभर हातचा धरून गणितं शिकवली. आता हातचा ठेवायचा नाही असं ठरवलंय. तुम्हीच ते पत्ते टाकणारे का?"

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी चारला दोघं कॅफेत जात, शेजारशेजारच्या खणांत बसत आणि आख्ख्या जगाला वळसा घालून एकमेकांशी खेळत. समोरासमोर बसून का नाही खेळत, असं मी विचारलं तर मामाजी म्हणाले, "बाईच्या तोंडापुढं कोण खेळन? मले नापास झाल्यासारखं वाटते." मधूनच फळीपलीकडून बाईंचा आवाज यायचा, "टाकले? परत टाकले?" आणि मामाजी लाजून हसायचे. आता ते हरले की अधिक खूश दिसत.

मग बाईंचा मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. मुलगा चांगला, सूनही चांगली, घरात कॉम्प्युटर. रविवारी चारची वेळ ठरलेलीच राहिली. पहिले काही रविवार वाघिणीने नाशिकहूनही तसाच धुमाकूळ घातला. पुढे पुढे ती पत्ते टाकू लागली. एकदा, दोनदा, मग सारखीच. मामाजी चकत्या जिंकू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई शहाणी होऊन राह्यली," ते मला म्हणाले. "माणूस असं एकाएकी शहाणं होत नाई. कुठी तरी दुखून राह्यलं."

मी फोन लावून दिला. मुलगा म्हणाला, आई मजेत आहे. बाई फोनवर आल्या आणि म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" मामाजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बोलणं ठीक हाय. पत्ते ठीक नाई."

ज्या माणसाने गर्दी म्हणून वडशाची एसटी सोडली तो जनरलच्या डब्यात उभा राहून नाशिकला गेला. मला सोबत घेतलं. "तिकडचे लोक लई शुद्ध बोलतात, मले समजलं नाई तं सांगाले कोणी पायजे," हे त्याचं कारण. पिशवीत बाईंसाठी लाखोळीची डाळ होती आणि पत्त्यांचा एक कॅट.

बाई वाळल्या होत्या, पण कडक तशाच. आमचं तीर्थयात्रेचं निमित्त त्यांनी एका नजरेत खोटं पाडलं. ऑफिसला सुट्टी म्हणून मुलगा-सून दोघंही घरीच होते. चहा झाल्यावर मामाजींनी कॅट काढला. "एक डाव टाकू जी बाई. समोरासमोर."

त्यांनी पिसले, वाटले. बाईंनी आपले दोन पत्ते उचलले, जवळ नेले, लांब धरले आणि पालथे टाकून दिले. "बरे नाहीत," त्या म्हणाल्या.

मामाजींनी ते दोन पत्ते हळूच उलटे करून मुलाच्या पुढे ठेवले. दोन एक्के होते. या खेळात त्याहून मोठं सुरुवातीला काही येतच नाही. मुलाला पोकर येत नव्हतं, पण एक्के म्हणजे काय ते कळत होतं. तो आईकडे बघत राहिला.

"आई, तुला दिसत नाही?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "नव्या घरात आल्या आल्या माझं दुखणं काय काढायचं? दोघं दमून येता."

"अन् मंग टेबलावर काऊन येत होत्या जी?" मामाजींनी विचारलं.

"टाकायचं बटण डावीकडे असतं, तेवढं पाठ होतं," बाई म्हणाल्या. "आले नसते तर तुम्ही वाट बघत बसला असता."

मामाजी आपला रिकामा कप उचलून त्यात बघू लागले. त्यांना चहा पाहिजे आहे की काय असं वाटून सून आत गेली. मुलगा आईजवळ सरकून बसला आणि लहान मुलाला विचारावं तसं, हे किती आहेत, ते किती आहेत, असं आपली बोटं समोर धरून विचारू लागला. बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली आणि तो हात तसाच धरून ठेवला.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, नशीब मोठं म्हणायचं, नेमके दोन एक्केच आले. मामाजी खिडकीबाहेर बघत होते. "आले कायचे? मी लावले," ते म्हणाले. "चाळीस वर्षं खेळतो, पयल्यांदाच लबाडी केली. अन् बाईले दिसत नाई म्हून पकडल्या बी गेलो नाई."

मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं झालं. पट्टी निघाल्यावरच्या रविवारी मी मुद्दाम कॅफेत गेलो. चार वाजता वाघीण आली आणि पहिल्याच डावात तिने होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं. मामाजींच्या हातात राजा-राणी होते. शास्त्राप्रमाणे थांबायला हवं होतं. त्यांनी सगळ्या चकत्या लोटल्या. बाईंचे पत्ते उघडले, तिर्री आणि चव्वी, आणि मधे दोन तिर्र्या पडल्या. मामाजी इतके हसले की चारही खणांतून डोकी बाहेर आली.

बाई त्यानंतर सहा-सात वर्षं खेळल्या. त्या गेल्या तेव्हा मुलाने गावातल्या नातेवाइकांच्या आधी मामाजींना कळवलं. कॅफे केव्हाच मोबाइलचं दुकान झालं होतं, मी चंद्रपूरला आलो होतो. मागे आरमोरीला गेलो तेव्हा मामाजी मिलच्या ओट्यावर, पुतण्याने घेऊन दिलेल्या फोनवर खेळत होते. आता सगळे मोजूनमापून खेळतात, कोणी येडं उरलं नाई, अशी त्यांची तक्रार होती. मी सहज विचारलं, इतकी वर्षं खेळलात, शेवटी जास्त कोण जिंकलं?

त्यांनी फोन पालथा ठेवला. आत धान भरडलं जात होतं आणि ओट्यावर कोंड्याची बारीक धूळ उतरत होती.

"थे काई पाह्यलं नाई जी," ते म्हणाले. "बाई आली का, एवढंच पाहत होतो."