गेटवरचे मामा

आईच्या ऑपरेशनमुळे आठ दिवस मी हिंगोलीच्या एका दवाखान्यात होतो. मोबाइल तेव्हा थोड्याच लोकांकडे होते. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला सगळे मामा म्हणत. ते कुणावर ओरडत नसत, दोन्ही हात पसरून आडवे उभे राहत आणि हसत म्हणत, "चार वाजता या, माय."

एका दुपारी सेनगावकडच्या तांड्यावरून एक म्हातारी आली. सुनेला मुलगी झाली होती. मामांनी तिलाही अडवलं. पण तिचं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी गेटवर मला उभं केलं आणि स्वतःच वर जाऊन आले.

"लेकरू बराबर हाय. झोपून राहिलं."

"अन् केस?"

मामा पुन्हा जिना चढले. "भरपूर हायेत!"

"नाक कोणावर गेलं?"

तिसऱ्यांदा ते धापा टाकत परतले. म्हातारीकडे नीट निरखून म्हणाले, "तुमच्यावरच, माय!"

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

चारला गेट उघडलं. सगळे आत धावले. म्हातारीने मात्र आधी कनवटीचा गुळाचा खडा मामांच्या हातावर ठेवला.

"आमच्या लेकराचं तोंड पैले तुमी पाह्यलं. तोंड गोड करा."

मामांनी टोपी काढली आणि मगच गूळ खाल्ला.